एक किल्ली वाटायची, एक जपायची

अलिबाबाच्या गोष्टीतले चाळीस चोर मला लहानपणापासून जरा बावळटच वाटत आलेत. एवढी लुटालूट करायची, डोंगराच्या पोटात गुहा शोधायची, तिला दगडाचं दार, आणि ते उघडायची युक्ती काय, तर बाहेर उभं राहून मोठ्याने ओरडायचं, "तिळा, तिळा, दार उघड!" झाडावर लपलेल्या लाकूडतोड्याने ते ऐकलं आणि त्या क्षणापासून गुहा जितकी चोरांची, तितकीच त्याचीही झाली. पुढे कासीम आत अडकला तो शब्द विसरला म्हणून. पासवर्ड नावाच्या वस्तूची दोन्ही दुखणी या एका गोष्टीत आली आहेत बघा. जो ऐकेल त्याचा तो होतो, आणि ज्याचा असतो त्याला ऐन वेळी आठवत नाही.

चोरांना हसायचा आपल्याला फारसा अधिकार नाही म्हणा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा दूरच्या संगणकावर जायचं ते टेलनेटने. आपण टाईप केलेला पासवर्ड पडद्यावर दिसत नसे, त्यामुळे आपण फार गुप्त काहीतरी करतोय असं वाटायचं. तारेतून मात्र तो जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर उघडा जायचा. त्याच तारेला कान लावून बसलेल्या कुणालाही तो वाचता यायचा. प्रयोगशाळेतले आमचे काही उद्योगी सीनियर हे करूनही दाखवायचे, चहाच्या पैजेवर.

१९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात, नेमकं हेच घडलं. विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असा कान लावून बसला आणि त्याने पासवर्ड गोळा केले. तिथला संशोधक तातू इलोनेन याने वैतागून स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. सगळं बोलणं कुलपात घालून पाठवणारा. नाव ठेवलं एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. जुलैमध्ये तो फुकट वाटला आणि वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांत वीस हजार लोक तो वापरू लागले. त्याला दरवाजाचा क्रमांक मिळाला २२. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, म्हणजे ज्या दोघांची सद्दी संपवायची त्यांच्या बरोबर मधोमध! आज जगातले बहुतेक सर्व्हर याच दरवाजाने उघडतात.

पण मला लिहायचंय ते इतिहासाबद्दल नाही, किल्ल्यांबद्दल.

झालं असं की २०२१ च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा. "मामा, पासवर्ड बरोबर टाकतोय, तीनदा बघून टाकला, तरी घेत नाहीये. प्रोजेक्ट उद्या द्यायचंय." त्याचा पासवर्ड खरंच बरोबर होता. झालं होतं एवढंच, की गिटहबने त्या महिन्याच्या १३ तारखेपासून गिटच्या कामासाठी पासवर्ड घेणं साफ बंद केलं होतं. एक तर टोकन बनवा, नाहीतर एसएसएचची किल्ली बनवा. मी त्याला म्हटलं, लॅपटॉप घेऊन घरीच ये, किल्ली बनवू.

ज्यांचा या भानगडींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिट ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची रोजकीर्द. लायनस टोरवाल्ड्सने ती २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतली, कारण लिनक्सचं काम ज्या प्रणालीवर चालायचं तिचा फुकट वापर बंद होणार होता. कोणी, कधी, कुठल्या ओळीत काय बदललं याची नोंद त्यात राहते, आणि जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. वाण्याच्या वहीसारखंच, फक्त फरक असा की या वहीची संपूर्ण नक्कल, पहिल्या पानापासून, प्रत्येक भागीदाराच्या घरी असते. गिटहब हे २००८ पासूनचं दुकान, जिथे अशा वह्या सगळ्यांना सोयीचं म्हणून एका जागी ठेवतात. वही वाचायला बहुतेक वेळा कुणीही येऊ शकतं. लिहायला मात्र ओळख पटवावी लागते. आणि ती कशी पटवायची, हाच सगळा प्रश्न.

भाचा आला. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. काळ्या खिडकीत मी त्याला एसएसएच-कीजेन ही आज्ञा लिहायला लावली, प्रकार सांगितला ईडी२५५१९. दोन फायली तयार झाल्या. एकीच्या नावामागे 'डॉट पब' असं शेपूट, दुसरी बिनशेपटाची. मी म्हटलं, "ही शेपूटवाली आहे ना, ती वाटायची. गिटहबला दे, ऑफिसला दे, उद्या घराच्या भिंतीवर रंगवलीस तरी चालेल. बिनशेपटाची मात्र या लॅपटॉपबाहेर जाता कामा नये. मलासुद्धा द्यायची नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे गिटहबकडेही माझं गुपित नसणार?"

"नाही."

"मग मी मीच आहे हे त्यांना कळणार कसं?"

प्रश्न साधा आहे, पण यावर माणसांनी शतकानुशतकं डोकं खाजवलंय. गुपित माहीत आहे हे सिद्ध करायचं असेल तर ते सांगावंच लागतं, असं आपण धरूनच चाललो होतो. ताकास तूर लागू न देता ते सिद्ध करता येतं, ही कल्पना १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी आरएसए पद्धत शोधली. गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी, ब्रिटिश सरकारच्या गुप्तसंदेश खात्यात जेम्स एलिस नावाच्या माणसाला हीच कल्पना १९७० सालीच सुचली होती. त्याच्या सहकाऱ्याने, क्लिफर्ड कॉक्सने, १९७३ मध्ये तिचं गणितही मांडलं. पण खातं गुप्त, त्यामुळे कागद कुलपात. एलिस नोव्हेंबर १९९७ मध्ये वारले आणि श्रेय त्यांचं होतं हे जगाला कळलं त्याच्या पुढच्या महिन्यात. उघड्या किल्लीची कल्पना सत्तावीस वर्षं बंद कुलपात पडून होती!

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला मुद्रेचं उदाहरण दिलं. समज, राजाकडे एक शिक्का आहे. शिक्क्याचा ठसा कसा दिसतो ते प्रत्येक किल्लेदाराला माहीत आहे, ठशाचा नमुना त्याच्या दप्तरात आहे. नमुन्याशी ताडून तो आलेला ठसा खरा की खोटा ते सांगू शकतो, पण नमुन्यावरून शिक्का बनवू शकत नाही. लाखेच्या बाबतीत हे पूर्ण खरं नसतं, चांगला कारागीर ठशावरून शिक्का पाडतोच. गणिताच्या शिक्क्याचं वैशिष्ट्य हेच की ठशावरून शिक्का पाडायला जगातले सगळे संगणक बसवले तरी आपल्या हयातीत काम उरकत नाही. आणि दर वेळी समोरून आलेल्या ताज्या मजकुरावरच ठसा उठवावा लागतो, त्यामुळे कालचा ठसा चोरून आज चालवता येत नाही. तारेला कान लावून बसणाऱ्याला ऐकू सगळं येतं, पण हाती काही लागत नाही.

आणखी एक मजेची गोष्ट म्हणजे गिटहबच्या या दरवाजातून आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव एकच असतं, 'गिट'. कोट्यवधी लोक, सगळे एकाच नावाने दार वाजवतात. कोण कोणता ते केवळ किल्लीवरून ओळखायचं. म्हणूनच एक किल्ली दोन खात्यांना लावता येत नाही, 'आधीच वापरात आहे' असं उत्तर येतं. नाव सारखं चालेल, ठसा नाही.

किल्ली बनवताना मध्येच संगणक एक परवलीचं वाक्य विचारतो. भाच्याने सरळ एंटर मारायला बोट नेलं. बहुतेक लोक तेच करतात. मी त्याचा हात धरला. "थांब. शकुंतलेची अंगठी माहितेय ना?"

अंगठी हरवली आणि राजाने ओळख दिली नाही, ही गोष्टीची एक बाजू सगळ्यांना आठवते. दुसरी बाजू त्या कोळ्याची. माशाच्या पोटात त्याला अंगठी मिळाली, तो ती विकायला गेला आणि शिपायांनी त्याला चोर म्हणून धरला. नुसती वस्तू हातात असणं म्हणजे ती व्यक्ती असणं नव्हे, हे त्या शिपायांना कळत होतं. संगणकाला ते कळत नाही. खाजगी किल्लीची फाईल ज्याच्या हातात, तो त्याच्या लेखी तूच. लॅपटॉप रिक्षात राहिला, दुरुस्तीला गेला, भावाला दिला, तर अंगठी कोळ्याकडे गेलीच म्हणून समज. परवलीचं वाक्य घातलं की फाईल स्वतःच कुलपात राहते. गुपित पुन्हा आलंच, पण हे गुपित कधी तारेतून जात नाही. तुझ्या डोक्यातून तुझ्याच यंत्रात, एवढाच त्याचा प्रवास. आणि दर वेळी टाईप करायचा कंटाळा असेल तर एसएसएच-एजंट नावाचा कारभारी आहे. सकाळी एकदा वाक्य सांगायचं, मग तो तुमच्या वतीने शिक्के मारत बसतो. संगणक बंद केला की कारभारी सगळं विसरतो.

शेपूटवाली फाईल उघडली तर आत जेमतेम एक ओळ निघाली. भाच्याची थोडी निराशा झाली. "एवढीशी?" ईडी२५५१९ ची हीच खुबी. डॅनिएल बर्नस्टाईन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही पद्धत मांडली. नावातलं २५५१९ म्हणजे दोनाचा २५५ वा घात वजा १९, ही एक अवाढव्य मूळ संख्या. किल्ली मात्र फक्त बत्तीस बाईटची. पूर्वीच्या आरएसए किल्ल्यांचा मजकूर पाच-सात ओळी खायचा. ती ओळ आम्ही गिटहबच्या सेटिंग्जमध्ये नेऊन चिकटवली, शीर्षक दिलं 'घरचा लॅपटॉप'. शीर्षकाला महत्त्व आहे बरं का, पुढे येईल ते.

मग पहिल्यांदा दार वाजवलं आणि संगणकाने उलट प्रश्न टाकला. समोरच्या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या बोटाचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? हो किंवा नाही लिहा.

इथे जगातला प्रत्येक जण न वाचता 'यस' लिहितो. आणि मला नेहमी वाटतं की एसएसएचमधलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच आहे. आपण आपली ओळख पटवायच्या धांदलीत असतो. समोरचा कोण आहे, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो आणि आपण आपली जन्मतारीख सांगायला लागतो! एसएसएच म्हणतं, आधी त्याने सिद्ध करावं. पहिल्या वेळी भरवसा टाकावा लागतो, पण तोसुद्धा गिटहबने आपल्या पानावर छापलेल्या ठशाशी ताडून. एकदा 'हो' म्हटलं की तो ठसा ओळखीच्यांच्या यादीत जातो, आणि पुढे कधी बदलला तर संगणक अक्षरशः आरडाओरडा करतो.

असा आरडाओरडा २४ मार्च २०२३ ला जगभर झाला. गिटहबची स्वतःची आरएसए खाजगी किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक वहीत उघडी पडली होती. त्यांनी ती बदलली, आणि त्या दिवशी जुन्या प्रकारे जोडलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा आला की समोरच्याची ओळख बदलली आहे, कुणीतरी दगाबाजी करत असेल. ज्यांच्या यादीत ईडी२५५१९ चा ठसा होता त्यांना काहीच झालं नाही. एवढ्या मोठ्या दुकानाची किल्ली जर रस्त्यावर पडू शकते तर तुमची-आमची का नाही? म्हणून ती बदलता आली पाहिजे. किल्ली म्हणजे वंशपरंपरागत दागिना नव्हे, शंका आली की मोडीत काढायची.

आणि किल्ली नीट जपूनही भागत नाही, ती घडवणारा लोहार चांगला लागतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन लिनक्समध्ये एका प्रोग्रॅमरने तपासणीच्या साधनाची कुरकुर थांबवायला दोन ओळी बाजूला केल्या. त्या ओळी किल्ली बनवताना लागणारी यादृच्छिकता, सोप्या भाषेत फाशांची खुळखुळ, गोळा करत होत्या. त्यानंतर त्या यंत्रांवर बनणाऱ्या किल्ल्या अब्जावधींतून न निवडता जेमतेम बत्तीस हजारांतून निवडल्या जायला लागल्या. दिसायला अगदी भक्कम. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये, वीस महिन्यांनी. तोवर लोक निर्धास्त झोपत होते. त्याहून नवल म्हणजे २०१५ साली बेन कॉक्स नावाच्या एकाने गिटहबवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या तेव्हा त्यात या जातीच्या किल्ल्या अजून लटकलेल्या सापडल्या. सात वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे नाही का, घर बदललं तरी जुडग्यात जुन्या घरच्या किल्ल्या वर्षानुवर्षं राहतात. फरक एवढाच की इथे जुनी किल्ली नव्या घरालाही लागत होती.

तर भाच्याचं काम झालं. "हाय", पुढे त्याचं नाव, आणि ओळख पटली पण आत वावरायला जागा मिळणार नाही, अशा अर्थाचं ते ठरलेलं वाक्य पडद्यावर उमटलं. त्याला वाटलं काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, हेच बरोबर आहे. ओळख दिली म्हणजे घरात घेतलंच पाहिजे असं नाही.

हे वाक्य मला पुढे बऱ्याचदा आठवलं. किल्लीने नेमकं काय सिद्ध होतं? एवढंच, की काल आलेला आणि आज आलेला एकच आहे. तो कोण आहे, चांगला आहे की वाईट, हे नाही. गिटच्या नोंदीवर लेखक म्हणून तुम्ही कुणाचंही नाव घालू शकता, किल्ली फक्त वही ठेवायला कोण आलं ते बघते. नोंदीवर स्वतःची मुद्रा उठवायची सोय वेगळी आहे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून गिटमध्ये ते काम याच एसएसएच किल्लीने करता येतं. पण मुद्रा असली तरी नियत कुठे दिसते?

२०२४ मध्ये याचा भयंकर दाखला मिळाला. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक छोटंसं साधन. ते सांभाळणारा माणूस एकटा, फावल्या वेळात, बिनपगारी काम करणारा. त्याच्या मदतीला 'जिया तान' या नावाचं कुणीतरी आलं. दोन वर्षांहून अधिक काळ नेमाने, गोडीने काम केलं, विश्वास कमावला, वहीत लिहायचा हक्क मिळवला. आणि मग त्याच हक्काने आत एक चोरदरवाजा बसवला. कशात उघडणारा? एसएसएचमध्येच! आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या यंत्रावर एसएसएचने शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. सर्वदूर पसरण्याआधी ते पकडलं गेलं, नाहीतर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. आणि त्या चोरदरवाजालाही कुलूप होतं बरं का. तो कुणाच्याही हाताला उघडत नव्हता, फक्त चोराच्या खाजगी किल्लीने. चोरालाही चोरांची भीती!

जिया तानच्या किल्ल्या सगळ्या खऱ्या होत्या. दर वेळी ओळख अचूक पटली. कुंपणच शेत खायला निघालं तर कुलूप काय करणार? तिथे उपयोगी पडलं ते एका माणसाचं कुतूहल.

आता याची उलट बाजू, आणि हे लिहायला बसलो ते खरं तर तिच्यासाठी.

माझा एक मित्र होता. युनिकोड रुळायच्या आधी आपण मराठी ज्या फॉन्टांत लिहायचो ते आठवतात? प्रत्येकाची अक्षरांची जुळवणी वेगळी. फॉन्ट बदलला की मजकुराचं कडबोळं. त्या काळातलं हजारो पानांचं लिखाण, दिवाळी अंकांचे मजकूर, ग्रामपंचायतींची पत्रं, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, अशा न वाचता येणाऱ्या अवस्थेत सीड्यांवर पडून होतं. मित्राने ते युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. नोकरी सांभाळून, रात्री. फॉन्टागणिक तक्ते, तेही एकेक अक्षर डोळ्यांनी तपासून. वही गिटहबवर, सगळ्यांना खुली. लिहायचा हक्क मात्र त्याच्या एकट्याचा. कुणाला घ्यायचं नव्हतं म्हणून नाही, कधी कुणी मागितला नाही म्हणून.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. अकरा दिवसांत.

दोन-तीन महिन्यांनी वहिनींनी त्याचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "भावोजी, यात त्याचं जे काही आहे ते लोकांना उपयोगी पडेल असं बघा." मी तो सुरू केला. मित्र शिस्तीचा. डिस्क कुलूपबंद. आत किल्ली असणार, ती परवलीच्या वाक्यात बंद. वर मी भाच्याला जे जे करायला लावलं म्हणून सांगितलं, ते सगळं त्याने कितीतरी आधी, कुणी न सांगता, चोख केलं होतं. आणि म्हणूनच तो लॅपटॉप आता एक बंद पेटी होती. कुलपाने आपलं काम बरोबर केलं. मालक आणि चोर यांत ते फरक करतं. चोर आणि विधवा यांत ते फरक करू शकत नाही.

वहिनींना काय सांगू कळेना. मी म्हटलं, बघतो.

त्याच्या वहीच्या पानावर एका विद्यार्थिनीची दुरुस्ती येऊन पडली होती, तो गेल्याच्या पुढच्याच आठवड्यातली. एका फॉन्टमधला 'ऱ्या' चुकत होता, त्यामुळे डोंगरदऱ्यांतल्या 'दऱ्या'चा समुद्रातला 'दर्या' व्हायचा. तिने ते बरोबर करून पाठवलं होतं, खाली नम्रपणे लिहिलं होतं, सर, एकदा बघाल का? त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी, सर, काही चुकलं असेल तर सांगा. उत्तर देणारं कुणी नव्हतं. दुरुस्ती आत घेणारंही नाही.

शेवटी वाट सापडली ती गिटच्याच स्वभावात. मघाशी म्हटलं ना, की वहीची संपूर्ण नक्कल प्रत्येक भागीदाराकडे असते. दाराची किल्ली गेली होती, घर मात्र आमच्या चौघांच्या यंत्रांवर जसंच्या तसं होतं, पहिल्या नोंदीपासून. आम्ही नवं खातं उघडलं, वही तिथे मांडली, आणि या वेळी लिहायचा हक्क तिघांना दिला. त्या मुलीला शोधून काय झालं ते कळवलं. तिची दुरुस्ती नव्या वहीतली पहिली नोंद. त्याच्या नोंदी त्याच्याच नावाने तशाच राहिल्या, शेवटची २ एप्रिलची, रात्री पावणेदोनची. पुढे वर्षभराने भाचाही त्यात काम करायला लागला, त्याने दोन फॉन्टांचे तक्ते लिहिले.

लॅपटॉप मी वहिनींना परत दिला. आत काय आहे ते कुणालाच कळणार नाही, पण बाहेर जे होतं ते वाचलं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याने आधीच देऊन टाकलं होतं." तंत्रज्ञान न शिकलेल्या माणसाने गिटची याहून चांगली व्याख्या केलेली मी ऐकलेली नाही.

तेव्हापासून मला वाटतं, सुरक्षितता म्हणजे निम्मंच काम. आपल्याकडे बँकेचा लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली, आणि वर वारसाचं नाव लिहून घेतात. ते नाव लिहिताना हात जरा अडखळतो, पण आपण लिहितो. संगणकावरच्या आयुष्यभराच्या कामाला मात्र वारस लावायचं आपल्या डोक्यातच येत नाही. गिटहबवर तशी सोय आहे. सेटिंग्जमध्ये आपल्यामागे सार्वजनिक वह्या कुणी बघायच्या त्याचं नाव देता येतं. त्या माणसाला मृत्यूचा दाखला दिल्यावर ७ दिवसांनी, किंवा निधनाची छापील बातमी दाखवल्यावर २१ दिवसांनी ताबा मिळतो. त्याला तुमच्या खात्यात शिरता येत नाही, तुमची गुपितं गुपितंच राहतात, फक्त जे आधीच सगळ्यांचं होतं ते सांभाळायचा हक्क मिळतो. मला ही विभागणी फार समंजस वाटते.

तेव्हा मंडळी, हे वाचून झालं की पाच मिनिटं काढा. सेटिंग्जमध्ये किल्ल्यांचं पान उघडा. प्रत्येक किल्लीपुढे तिचं शीर्षक आणि ती शेवटची कधी वापरली ते लिहिलेलं असतं. विकलेल्या लॅपटॉपची, सोडलेल्या नोकरीतली, कशाची ते आठवतच नाही अशी, सगळ्या काढून टाका. वर्षभर न वापरलेल्या किल्ल्या गिटहब आपणहून काढतं, पण दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये. नवी बनवाल ती ईडी२५५१९ ची बनवा, परवलीचं वाक्य घाला, शीर्षक असं द्या की पाच वर्षांनी वाचलं तरी कळेल. आणि मग त्याच सेटिंग्जमध्ये वारसाच्या रकान्यात एक नाव लिहा. माझ्या रकान्यात भाच्याचं आहे. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, काहीतरीच काय बोलतोस!" मी म्हटलं, अरे, नाव लिहिलंय फक्त. किल्ली अजून तुला दिलेली नाही.